अकराव्या रकान्यातला भाऊ

नोव्हेंबरात मसाका शहरात नाकतोडे न खाणारी माणसं तीनच प्रकारची असतात. एक आजारी, दुसरी परदेशी आणि तिसरी नाकतोडा कुळातली. आपल्या कुळाचा जो प्राणी असेल तो आपण खायचा नाही, आणि आपल्या कुळातल्या माणसाशी लग्न करायचं नाही, कारण तो भाऊ — एवढं आमच्याकडे मूल चालायच्या आधी शिकतं. न खाणाऱ्यांचा चौथाही एक प्रकार असू शकतो, हे रेस्टीच्या डोक्यात आलं नाही. पुढचे तीन महिने तिने जो मनस्ताप भोगला, तो एवढ्यापायी.

त्या दुपारी पाऊस तिरपा येत होता. टॅक्सीतळाच्या कोपऱ्यावर नाकतोडे विकणाऱ्या बाईची भली मोठी छत्री होती. तिच्याखाली रेस्टी आपलं गाठोडं पोटाशी धरून, स्वतःची पाठ भिजवत उभी राहिली. गाठोड्यात तिची खाट होती. काविळीने पिवळ्या झालेल्या तान्ह्या बाळांना निळ्या उजेडात निजवायची, घडीची, उन्हावर भरणाऱ्या बॅटरीवर चालणारी. नऊ वर्षं सुईणपण करताना तिने अशी बाळं आईच्या छातीशी बांधून चाळीस-चाळीस मैल बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागच्या सीटवरून शहरात पाठवली होती. सगळी पोचली नव्हती. मग तिने नोकरी सोडली आणि एका सुताराला हाताशी धरून ही खाट बनवली.

छत्रीच्या दुसऱ्या बाजूने एक उंच माणूस वाकून आत आला. त्याने खाटेचं उघडं पडलेलं टोक पाहिलं, काही न विचारता अंगातलं जॅकेट काढलं आणि त्यावर घातलं. खाटेवर, तिच्यावर नाही. रेस्टीला हे फारच आवडलं.

विक्रेतीने कांद्यात परतलेले गरम नाकतोडे झाकणावर घेऊन दोघांपुढे धरले. वास असा, की पलीकडचा पोलीस वळून बघायला लागला. पण इथे दोन हात एकाच वेळी मागे गेले.

"आमच्यात चालत नाहीत," रेस्टी म्हणाली. "नाकतोडा कुळ."

बाईने त्या माणसाकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली.

"म्हणजे भाऊ-बहीण," बाई झाकण मागे घेत म्हणाली. "माझीच छत्री सापडली तुम्हाला?"

तो माणूस हसला. इथेच चुकलं. कारण तो नाकतोडा कुळातला नव्हता, मांबा माशाच्या कुळातला होता. नाकतोडे खाल्ले की त्याचे ओठ सुजून दोन दिवस बोलता येत नसे, इतकंच. पण मसाकाच्या पुरुषाने नाकतोड्यांनी सुजतो हे एका विक्रेतीसमोर आणि एका सुंदर बाईसमोर सांगायचं... त्यापेक्षा हसणं बरं.

रेस्टीने ते हसणं पाहिलं आणि मनातल्या मनात सुस्कारा सोडला. बत्तीस वर्षांत देवाने एक धड माणूस दाखवला — आणि तोही भाऊ.

तिने नाव विचारलं. किझ्झा, तो म्हणाला. किझ्झा म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेला. त्यावरून आईचे हाल कळतात, कुळ कळत नाही. कागदोपत्री तो किझ्झा लॉरेन्स होता. अर्धं नाव जुळ्यांमुळे, अर्धं चर्चमुळे. एरवी आमच्याकडे दुसरा प्रश्न कुळाचाच असतो. पण तिला वाटलं ते आपल्याला कळलंच आहे, आणि तिचं कुळ तिने स्वतःच सांगितलं होतं, तेव्हा त्यालाही विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"चल दादा," पाऊस थांबल्यावर ती म्हणाली, "तुझं जॅकेट वाळवून देते."

ते जॅकेट तिला दहा मिनिटांतच परत करता आलं, कारण दोघं एकाच सभागृहात निघाले होते.

सभागृहात आरोग्यक्षेत्रातल्या स्त्री-उद्योजकांना आधार देण्याचा कार्यक्रम होता. आधार सात कार्यशाळांचा होता. पहिली आत्मविश्वासावर. सहाशे बाळंतपणं केलेल्या रेस्टीला एका तेवीस वर्षांच्या तरुणाने खांदे मागे घेऊन उभं कसं राहावं हे शिकवलं. ती शिकली. चहा चांगला होता. बारा बायका होत्या. कोणी रक्त पोचवायचं काम उभं केलेलं, कोणी खेड्यातल्या औषधाच्या दुकानांचं जाळं. त्यातून शेवटी एकीला वर्षभर जागा, यंत्रं आणि सरकारी परवान्यापर्यंत सोबत मिळणार होती. परवान्याशिवाय रेस्टीची खाट एकाही आरोग्य केंद्रात लावता येत नव्हती. बाळं बोडावरूनच जात राहिली असती. तेव्हा ती एक जागा तिला हवीच होती.

प्रत्येकीला एक मार्गदर्शक मिळाला. बारा स्त्रियांचे मार्गदर्शक, अर्थातच, बारा पुरुष. रेस्टीच्या वाट्याला जिल्हा रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करणारा किझ्झा आला. त्याच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

त्याने मार्गदर्शन असं केलंच नाही. पहिल्या दिवशी तो खाटेभोवती दोन फेऱ्या मारून खाली बसला आणि विचारलं, दिवे इतके खाली का. ती म्हणाली उजेड जास्त मिळावा म्हणून. तो म्हणाला बाळ तापेल. ती म्हणाली मग पंखा लावू. तो म्हणाला पंखा बॅटरी खाईल. संध्याकाळी दिवे चार बोटं वर गेले, कडांना चकचकीत पत्रा लागला, आणि कोण जिंकलं ते दोघांनाही सांगता आलं नाही.

मग रोजचंच झालं. तो ड्यूटी संपवून यायचा, येताना अंडं गुंडाळलेल्या दोन चपात्या आणायचा, आणि सुताराच्या शेडमध्ये दोघं भुशात बसून खायचे. तिच्या केसांत भुसा असायचा, त्याच्या भुवयांवर. ती त्याची भरपूर थट्टा करायची. तो भाऊच होता, त्याच्याशी बोलायला कसली भीती? किती शिकलास, कोणाला घाबरतोस, झोपेत घोरतोस का — सगळं विचारून झालं. परक्या पुरुषाला ती हे सात जन्मांत विचारती ना.

"दादा, तुझ्यासाठी मुलगी बघू का?" एकदा ती म्हणाली.

"बघ."

"कशी हवी?"

तो खाटेच्या पायात स्क्रू पिळत होता. मान वर केली नाही. "उंचीला... साधारण या खाटेच्या दुप्पट. बोलायची थांबत नाही अशी. आणि — सामान कोरडं राहावं म्हणून स्वतः भिजणारी."

"अशी मसाकात मिळायची नाही."

"मला घाई नाही."

त्याने तेव्हा मान वर केली. निळा दिवा चालू होता, आणि त्या उजेडात तो तिच्याकडे नको तितका वेळ बघत राहिला... की तीच बघत राहिली? रेस्टीने दिवा बंद केला. बॅटरी वाचवायला हवी, म्हणाली.

त्यानंतर ती खरोखरच त्याच्यासाठी मुली शोधायला लागली, प्रायश्चित्त म्हणून. एक शिक्षिका शेडवर आणली. उंच, शालीन, स्वयंपाकात हुशार. किझ्झाने तिचा बिघडलेला रेडिओ दुरुस्त करून दिला आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आला. रेस्टीने त्याला दगड म्हटलं, आणि तिच्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आला म्हणून पुन्हा जीव गेला. रविवारी ती पाद्रीबाबांकडे जाऊन पाप कबूल करून आली. पुढच्या रविवारी परत गेली. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, बाई, तेच पाप असेल तर आता तारीख बदलून सांग.

बाळांच्या डोळ्यांवर बांधायच्या लोकरी पट्ट्या तिची आत्या विणत होती. आत्या, म्हणजे वडिलांची बहीण. आमच्याकडे मुलीचं मन बापाला कळायच्या आधी आत्याला कळतं, ती रीतच आहे. विणता विणता तिने विचारलं, कोण आहे. भाऊ आहे, रेस्टी म्हणाली. मग चेहरा असा का, आत्या म्हणाली. रेस्टी उठून चुलीतलं लाकूड उगाच सरकवायला लागली.

आता किझ्झाला काहीच कसं कळलं नाही? त्याची बाजू अशी, की रेस्टी बोडावाल्याला दादा म्हणायची, पहारेकऱ्याला दादा म्हणायची, आणि घाईत असताना एकदा बिशपनाही म्हणाली होती. त्या शब्दाने तो मुळीच घाबरला नव्हता. तो घाबरला शिक्षिकेमुळे. जी बाई आपल्यासाठी दुसरी शोधून आणते, तिला आपण काय विचारायचं? तेव्हा त्याने तोंड मिटलं आणि खाटेला आणखी एक बिजागरी लावली. जानेवारीअखेर त्या खाटेला गरज नसलेल्या चार बिजागऱ्या होत्या.

त्याच सुमारास त्याने, मार्गदर्शकानेच द्यायचा असलेला, खाटेच्या तपासणीचा अहवाल लिहिला. खाट उत्तम होती, त्याने तसंच लिहिलं. मग रेस्टीला शेवटचा फॉर्म भरायला मिळाला. अकराव्या रकान्यात प्रश्न होता: मार्गदर्शकाशी तुमचं काही नातं आहे का? रेस्टी नन्सच्या शाळेत शिकलेली. तिने पेन उचललं, थोडं थांबली, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं — भाऊ.

लिहून झाल्यावर ती त्या शब्दाकडे बघत बसली. इतका खरा आणि इतका दुःखी शब्द तिने आजवर कुठल्या फॉर्मवर लिहिला नव्हता.

फॉर्म नैरोबीच्या मुख्य कचेरीत गेला. चार दिवसांनी, गुरुवारी, कार्यक्रमाच्या प्रमुख बिरुंगी बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बिरुंगी बाई कामाच्या होत्या. त्यांच्या टेबलावर फुलदाणी नव्हती.

"नैरोबीहून फोन होता," त्या म्हणाल्या. "तुमची खाट पास करणारा माणूस तुमचा भाऊ आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय."

किझ्झाने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आत आलंय का म्हणून.

"कुळाने," रेस्टी म्हणाली. "सख्खा नाही. आम्ही दोघं नाकतोड्याचे."

बिरुंगी बाईंचा जीव भांड्यात पडला. कुळाचे भाऊ धरायला लागलो तर निम्म्या जिल्ह्याला निम्म्या जिल्ह्याची तपासणी करता यायची नाही, त्या म्हणाल्या. नैरोबीला हे त्या समजावणार होत्या. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या — केवळ कुळबंधू, अन्य नातं नाही — आणि कागद किझ्झापुढे सरकवला. सही केली की झालं. अहवाल कायम, सोमवारी निर्णय, आणि निर्णय कुठल्या बाजूला झुकतोय हे सांगायची त्यांना परवानगी नव्हती, पण त्या हसल्या.

किझ्झाने पेन हातात घेतलं. खाट एका सहीच्या अंतरावर होती. त्याने पेन खाली ठेवलं.

"ही सही मला करता येणार नाही," तो म्हणाला. "मी नाकतोड्याचा नाही. मांबा माशाचा आहे."

रेस्टीने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"त्या दिवशी छत्रीखाली... तू खाल्ले नाहीस."

"माझे ओठ सुजतात."

"तीन महिने?"

"सुजतात दोनच दिवस. तीन महिने सांगायची लाज वाटली." तो थांबला. "पण तू मला खरोखरच भाऊ समजत होतीस? मला वाटलं सगळ्यांनाच म्हणतेस तसं—"

"मी तुझ्यापायी तीन रविवार पाप कबूल करून आले," रेस्टी म्हणाली. रागाने तिचा आवाज चढला होता. "पाद्रीबाबा मला ओळखायला लागलेत, दुरून."

"कसलं पाप?" किझ्झाने विचारलं.

बिरुंगी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या खोलीत आता कोणालाच घाई नव्हती.

"भावाकडे..." ती हळू म्हणाली, "बघू नये तसं... बघायचं."

किझ्झाच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं, ते बघून बिरुंगी बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि घसा साफ केला.

"म्हणजे नातं नाही," त्या म्हणाल्या. "मी शून्य लिहिते. नैरोबीला शून्य आवडतं."

"थांबा," रेस्टी म्हणाली. "शून्य खोटं होईल. निदान... माझ्याकडून."

"माझ्याकडूनही," किझ्झा म्हणाला. "तू ते गाठोडं पोटाशी धरून उभी होतीस ना, तेव्हापासून."

बिरुंगी बाईंनी दोघांना शांतपणे समजावलं. हे त्यांनी लिहिलं, तर किझ्झाचा अहवाल रद्द. दुसरा तपासनीस तीन दिवसांत आणावा लागेल, आणि मिळतील त्या कंपालाच्या इंजिनियर नाम्पिज्जा बाई, ज्यांनी गेल्या वर्षी नऊपैकी आठ यंत्रं परत पाठवली होती. आणि हे लिहिलं नाही, तर आज चार वाजेपर्यंत सगळं सुरळीत. ही खोली लहान आहे, त्या म्हणाल्या, आणि माझे कान बहिरे होऊ शकतात.

रेस्टीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बोडांची रांग होती. मागच्या सीटवर बाळाला बांधून बसलेली एक बाई रस्त्याने गेली. कुठे चालली होती कोण जाणे, बाजारालाही असेल.

"लिहा," ती म्हणाली. "खाट नाम्पिज्जा बाईंना तपासू दे. कोण कोणाचं कोण आहे ते खाटेला माहीत नाही."

"नापास झाली तर?" किझ्झा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"तर दुसरी बनवीन," रेस्टी म्हणाली. "खाट मला परत बनवता येते."

एवढं बोलून तिने त्याच्याकडे पाहिलं. अकराव्या रकान्यात बिरुंगी बाईंनी 'भाऊ' खोडलं आणि लिहिलं: अद्याप नाही. होण्याची दाट शक्यता.

नाम्पिज्जा बाई शुक्रवारी आल्या. त्यांनी गादीवर नऊ ठिकाणी उजेड मोजला, दिवे दोन दिवस अखंड चालू ठेवले, खाट घडी करून चाळीस वेळा उघडली, आणि चार बिजागऱ्या कशासाठी आहेत असं विचारलं. रेस्टीने खरं तेच सांगितलं, की मार्गदर्शकाला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. नाम्पिज्जा बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

किझ्झाला आत यायची मनाई होती. तो तीन दिवस फाटकाबाहेर बोडावर बसून होता. केळी खात होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला निकाल लागला का विचारत होता. रविवारी दुपारी रेस्टी बाहेर आली. चेहरा कोरा.

"काय म्हणाल्या?"

"चादर दोन बोटं आखूड आहे."

"आणि?"

"आणि चादर बदलायची."

"रेस्टी."

"बाकी काही बदलायचं नाही म्हणाल्या," ती म्हणाली, आणि मग तिला तो कोरा चेहरा धरून ठेवता आला नाही. किझ्झाच्या हातातलं केळं खाली पडलं. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, त्याने तिचा हात धरला. पहारेकरीदादा दुसरीकडे बघत होता, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी जागा तिला मिळाली. बाकी अकराजणींनी इतक्या मोठ्याने आनंद केला, की आत्मविश्वास शिकवणारा तरुण दचकला.

मग आत्या. किझ्झा धुतलेला शर्ट घालून, साखर आणि साबण घेऊन तिच्या अंगणात गेला. रेस्टी गुडघे टेकून आत्याला नमस्कार करून आत गेली, आणि दाराआडून ऐकत बसली. आत्याने चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. कुळ? मांबा. बाप? आजा? पणजा कोणत्या टेकडीवरचा? जुळी भावंडं जिवंत आहेत ना? आहेत, आणि भरपूर त्रास देतात. आत्याने सुई थांबवली. शेवटचा प्रश्न. आईच्या कुळात लग्न चालत नाही, हे रेस्टी तीन आठवड्यांच्या आनंदात साफ विसरली होती. दाराआड तिने चौकट घट्ट धरली.

"आईचं कुळ?" आत्या म्हणाली.

"आईचं..." किझ्झा शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाला, आणि इतका वेळ लावला की त्याबद्दल त्याला लग्नानंतरही ऐकावं लागलं. "हत्ती."

आत्याने सुई पुन्हा चालू केली. चहा आण गं, तिने आत हाक दिली.

परवाना जूनमध्ये आला. पहिली खाट कालुंगूकडच्या एका आरोग्य केंद्रात द्यायची होती. रेस्टी आणि किझ्झा सकाळी बोडावर निघाले. तो चालवत होता, मधे खाट, मागे ती. लाल मातीचा रस्ता रात्रीच्या पावसाने मऊ झाला होता. केळीच्या पानांवरून थेंब पडत होते. चढावर तो हळू झाला की ती मागून काहीतरी बोलायची, आणि तो ऐकू येत नाही म्हणून आणखी हळू व्हायचा.

केंद्रातली सुईण दारातच उभी होती. म्हातारी, जाड चष्म्याची. आत दोन दिवसांचं बाळ होतं, पिकल्या केळ्यासारखं पिवळं. आई त्याच्याकडे बघत भिंतीला टेकून बसली होती. सुईणीने आधी खाटेकडे पाहिलं, मग किझ्झाकडे.

"हा कोण तुझा?"

रेस्टीने तोंड उघडलं. गेल्या काही महिन्यांत या प्रश्नाचं उत्तर तिने एकदा चुकीचं दिलं होतं, एकदा सरकारी भाषेत दिलं होतं. आता इथे फॉर्म नव्हता.

"हा माझा," ती म्हणाली. मग किझ्झाच्या कानांकडे बघत, जे हळूहळू तापत होते, तिने वाक्य पुरं केलं. "येत्या सप्टेंबरपासून पक्का. तोवर कच्चा, पण माझाच."

"असू दे, असू दे," सुईण म्हणाली. "ए, कच्च्या — खाटेचं दुसरं टोक धर. बाळ वाट बघतंय."